हायस्कूलचे सर-मॅडम कशावर टिकतात आणि कशाने खचतात?

खोपोलीजवळचं साजगाव रायगडकरांना माहीत आहे ते बोंबल्या विठोबाच्या यात्रेमुळे. कार्तिकी एकादशीला यात्रा सुरू होते, सुक्या मासळीचा मोठा बाजार भरतो आणि आसपासच्या गावांतून लोक येत राहतात. याच सुमारास दिवाळीची सुट्टी संपून शाळांचं दुसरं सत्र सुरू होतं. आणि याच सुमारास खालापूर-कर्जतच्या वाड्यांमधली अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांच्या कामासाठी घर सोडतात. ती परततात पावसाच्या तोंडावर.

आता या पट्ट्यातल्या एखाद्या हायस्कूलमधला नववीचा वर्ग डोळ्यासमोर आणा. हजेरी घेताना तीन-चार नावांना उत्तर मिळत नाही. एक शिक्षक शाळा सुटल्यावर वाडीवर जातो, आजी-आजोबांशी बोलतो, मुलाला मागे ठेवता येईल का किंवा वसतिगृहात जागा मिळेल का याची खटपट करतो. दुसरा शिक्षक हजेरीपटावर गैरहजेरीची खूण करतो आणि पुढचा धडा काढतो. दोघांचं शिक्षण एकच, पद एकच. दुसरा शिक्षक वाईट माणूस आहे असंही नाही. कदाचित दहा वर्षांपूर्वी तोही वाडीवर जात होता.

मग मधल्या काळात काय झालं? याची दोन ठरलेली उत्तरं आहेत. पहिलं, ‘शिक्षकी पेशा म्हणजे सेवा, ती आतून यावी लागते.’ दुसरं, ‘पगार द्या, सगळं सुरळीत होईल.’ दोन्ही उत्तरं अर्धीच आहेत. महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळांचं गेल्या पंचवीस वर्षांतलं चित्र पाहिलं तर ते का, हे समजतं.

नाराजी वेगळी, उमेद वेगळी

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना त्यांनी विचारलं होतं, कामावर खूप छान कधी वाटलं आणि खूप वाईट कधी वाटलं?

उत्तरांमध्ये एक गंमत होती. वाईट वाटण्याच्या आठवणी पगार, वरिष्ठांची वागणूक, कंपनीचे नियम आणि नोकरीची शाश्वती याभोवती होत्या. छान वाटण्याच्या आठवणी मात्र काही साध्य केल्याच्या, कौतुक झाल्याच्या, जबाबदारी मिळाल्याच्या होत्या. म्हणजे नाराजी आणि उमेद ही एकाच तराजूची दोन टोकं नाहीत. पगार वेळेवर झाला की नाराजी कमी होते, पण तेवढ्याने कामाची ओढ वाटू लागत नाही. आणि काम कितीही आवडत असलं तरी तीन महिने पगार नसेल तर ते आवडणं फार काळ पुरत नाही.

हर्झबर्ग यांच्या मांडणीवर पुढे बरीच टीका झाली. पण १९६७ मध्ये थॉमस सर्जिओव्हानी यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या शिक्षकांवर तसाच अभ्यास केला, तेव्हा साधारण हेच चित्र दिसलं. डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने १९७५ च्या ‘स्कूलटीचर’ या पुस्तकात त्याला एक नाव दिलं, मानसिक मोबदला. शिक्षकाची खरी कमाई म्हणजे ‘आज मुलांपर्यंत पोचलो’ ही भावना.

आता ही दोन खाती घेऊन महाराष्ट्रात येऊ. आधी नाराजीचं खातं.

पगार किती, यापेक्षा पगार कोणाला आणि कधी?

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, हायस्कूलचे शिक्षक म्हणजे सातवा वेतन आयोग. हे खरं आहे, पण सगळ्यांसाठी नाही. बी.एड. झालेल्या, पूर्ण अनुदानित शाळेतल्या नियमित माध्यमिक शिक्षकाचं मूळ वेतन ३८,६०० रुपयांपासून सुरू होतं. त्यावर महागाई भत्ता आणि इतर भत्ते. पण तिथपर्यंत पोचण्याच्या वाटेवर तीन टप्पे आहेत.

पहिला टप्पा शिक्षणसेवकाचा. २००० साली महाराष्ट्राने ही पद्धत आणली. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षं ठरावीक मानधनावर काम करायचं, मग नियमित व्हायचं. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला कित्येक वर्षं महिन्याला ८,००० रुपये मिळत होते. १ जानेवारी २०२३ पासून ते १८,००० झाले. म्हणजे २०२२ च्या अखेरीपर्यंत पदवी, बी.एड. आणि निवड चाचणी पार केलेला शिक्षक दहावीला गणित शिकवत होता आणि महिन्याला ८,००० रुपये घेत होता.

दुसरा टप्पा अनुदानाचा. महाराष्ट्रातली बहुतेक हायस्कूल खासगी संस्थांची आहेत, पण अनुदानित शाळांमधले पगार सरकार देतं. २००१ मध्ये सरकारने ‘कायम विनाअनुदानित’ धोरण आणलं. नव्या शाळांना परवानगी मिळेल, पण पैसे कधीच मिळणार नाहीत. शिक्षकांच्या आंदोलनांनंतर २००९ मध्ये त्यातला ‘कायम’ हा शब्द काढला गेला. मग शाळांचं मूल्यांकन झालं आणि २०१६ मध्ये पात्र शाळांना २० टक्के अनुदान मिळालं. पुढचे टप्पे तुकड्या-तुकड्याने येत राहिले. जुलै २०२५ मध्ये अंशतः अनुदानित शाळांमधले शिक्षक मुंबईच्या आझाद मैदानावर भर पावसात बसले होते, ते पुढच्या टप्प्याच्या पैशांसाठीच.

२० टक्के म्हणजे किती, हे आकड्यात पाहा. ३८,६०० च्या मूळ वेतनाचे २० टक्के होतात ७,७२० रुपये. ६० टक्के झाले तरी २३,१६०. उरलेली रक्कम संस्थेने द्यावी अशी अपेक्षा असते, पण फी न घेणारी किंवा नाममात्र फी घेणारी ग्रामीण संस्था ती कुठून देणार?

त्यातही सगळ्यात बोचणारी गोष्ट म्हणजे तुलना. एकाच शाळेत एक तुकडी अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असू शकते. स्टाफरूम एक, डबा खायची वेळ एक, शिकवायचा धडाही एक. एकाचा पगार सत्तर हजारांच्या घरात, दुसऱ्याचा त्याच्या पाव भागाइतकाही नाही. कमी पैशात काम करणं माणूस सोसतो. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाइतकंच काम करून आपली किंमत कमी धरली जाते, हे सोसणं जास्त अवघड असतं.

तिसरा टप्पा कागदांचा. संस्थेने नेमणूक दिली तरी शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता हवी, मग शालार्थ प्रणालीत नाव यायला हवं. शालार्थ आयडी नाही तर पगार नाही. २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचा घोटाळा उघड झाला. अशा प्रकरणांनंतर तपासणी कडक होते, ती व्हायलाही हवी. पण तिचा ताण रांगेत उभ्या असलेल्या खऱ्या शिक्षकांवरही येतो.

पेन्शन: निवडणुकीचा आणि संपाचा विषय

१ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीत आलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यांच्यासाठी अंशदान योजना. हायस्कूलमध्ये यात आणखी एक मेख आहे. नेमणूक त्या तारखेआधीची, पण शाळा तोपर्यंत शंभर टक्के अनुदानावर आली नव्हती, असेही हजारो शिक्षक जुन्या पेन्शनबाहेर राहिले. शाळेला अनुदान कधी मिळणार हे शिक्षकाच्या हातात नव्हतं, पण परिणाम त्याच्या म्हातारपणावर झाला.

१४ मार्च २०२३ ला राज्यातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत संपावर गेले. तेव्हा दहावीची परीक्षा सुरू होती. २० मार्चला संप मागे घेतला गेला. मार्च २०२४ मध्ये सरकारने शेवटच्या पगाराच्या ५० टक्के निवृत्तिवेतन देणारी सुधारित योजना जाहीर केली.

त्याच्या थोडं आधी, ३० जानेवारी २०२३ ला, कोकण शिक्षक मतदारसंघाची निवडणूक झाली होती. रायगड याच मतदारसंघात येतो. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ जागा शिक्षकांसाठी आहेत आणि तिथे मत देता येतं ते माध्यमिक किंवा त्यावरच्या स्तरावर शिकवणाऱ्यांना. भाजपचे ज्ञानेश्वर म्हात्रे यांनी शेकापचे तत्कालीन आमदार बाळाराम पाटील यांना हरवलं. दोन्ही बाजूंच्या प्रचारात पेन्शन आणि अनुदान हे मुद्दे ठळक होते. म्हणजे हायस्कूलच्या शिक्षकांकडे स्वतःचा आमदार निवडण्याची ताकद आहे, तरीही हे प्रश्न वीस-वीस वर्षं चालू राहतात. ‘आंदोलन केल्याशिवाय काहीच मिळत नाही’ ही भावना त्यातूनच घट्ट होते.

माझं पद राहील का?

शाळेत किती शिक्षक असावेत हे ‘संचमान्यता’ ठरवते. त्यासाठी ३० सप्टेंबरची पटसंख्या धरली जाते. पट कमी झाला की पद कमी, आणि शिक्षक ‘अतिरिक्त’. मग दुसऱ्या शाळेत समायोजन.

खालापूर-कर्जतच्या पट्ट्यात पट कमी होण्याची कारणं समोर दिसतात. खोपोली, साजगाव, ढेकूच्या परिसरात कारखाने आहेत, नोकरदार पालक आहेत आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या बस गावात येतात. मराठी शाळेत उरतात ती वाड्यांवरची आणि कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं, काही परप्रांतीय कामगारांची मुलं. जून उजाडायच्या आधी मराठी शाळांचे शिक्षक वाडी-वस्तीवर ‘पट’ शोधत फिरतात. काही ठिकाणी दप्तर, वह्या, रिक्षाचं भाडंही खिशातून भरतात.

वाडीवर जाणं दोन प्रकारचं असतं. मूल शिकावं म्हणून जाणं आणि पद वाचावं म्हणून जाणं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. पहिल्यात माणूस दमतो, दुसऱ्यात खचतो. गंमत अशी की मोजणी सप्टेंबरात होते आणि स्थलांतर दिवाळीनंतर. त्यामुळे पद वाचलं तरी त्यानंतर वर्ग रिकामा होऊ लागतो, त्याची दखल या मोजणीत येत नाही.

दुसऱ्या बाजूला, जिथे शिक्षक हवेत तिथे ते वेळेवर मिळत नाहीत. मे २०१२ पासून राज्यात शिक्षक भरतीवर बंदी आली. २०१७ मध्ये ‘पवित्र’ पोर्टल आणि अभियोग्यता चाचणी आली. भरतीतला पैशांचा व्यवहार थांबावा हा त्यामागचा हेतू. पण पहिली चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि दुसरी थेट २०२३ च्या सुरुवातीला. मधल्या काळात निवृत्त झालेल्या विज्ञान किंवा इंग्रजीच्या शिक्षकाचे तास शाळेतल्याच इतरांनी वाटून घेतले. डिसेंबर २०२० मध्ये अनुदानित शाळांतल्या शिपायांची पदं पुढे नियमित न भरता त्याऐवजी भत्ता देण्याचा निर्णय झाला. त्यामुळे टपाल, कुलपं, घंटा अशी कामंही शिक्षकांच्या अंगावर येऊ लागली.

पुन्हा परीक्षा द्या

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक पात्रता परीक्षेबद्दल, म्हणजे टीईटीबद्दल निकाल दिला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं आहे. पाच वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्यांना नोकरीत राहता येईल, पण बढती हवी असेल तर टीईटी लागेल.

हा विषय फक्त प्राथमिकचा वाटतो, पण तसा नाही. महाराष्ट्रातली बरीच हायस्कूल पाचवी ते दहावी चालतात. तिथे आठवीपर्यंतच्या वर्गांवर नेमलेले शिक्षकही या कचाट्यात येतात. मुलांना पात्र शिक्षक मिळावेत हा न्यायालयाचा मुद्दा समजण्यासारखा आहे. पण वीस वर्षं शिकवलेल्या माणसाला त्या वीस वर्षांची किंमत शून्य धरली गेली असं वाटतं, हेही तितकंच खरं आहे. एवढी वर्षं आपलं शिकवणं कोणी वर्गात बसून पाहिलं नाही, पण नोकरी मात्र एका पेपरवर लटकली, ही त्यातली खरी तक्रार आहे.

शाळेत असूनही वर्गात नाही

शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम सांगतं की शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामाला लावायचं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य सरकारने शासन निर्णय काढून कोणतं काम शैक्षणिक आणि कोणतं अशैक्षणिक याची वर्गवारीही केली.

पण हायस्कूलच्या शिक्षकाचा दिवस खाणारी बरीच कामं कागदावर ‘शैक्षणिक’च असतात. यू-डायस प्लसमध्ये माहिती भरा, सरल पोर्टलवर भरा, आधार जुळत नाही म्हणून पुन्हा भरा, पोषण आहाराची रोजची नोंद करा, उपक्रमाचे फोटो लिंकवर टाका. व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘तातडीचे, आज दुपारपर्यंत’ असा निरोप येतो आणि हातातला तास सोडावा लागतो.

यात वेळ जातो हा एक तोटा. दुसरा तोटा मोठा आहे. कोणत्या कामासाठी फोन येतो आणि कोणत्या कामासाठी येत नाही, यावरून शिक्षकाला कळतं की वरच्यांना काय महत्त्वाचं वाटतं. माहिती उशिरा भरली तर नोटीस येते. भूमितीचा धडा नीट शिकवला नाही तर काहीच येत नाही. नीट शिकवला तरी काहीच येत नाही.

आठवी पास, पण वाचता येत नाही

हायस्कूलच्या शिक्षकाची एक अडचण प्राथमिकच्या शिक्षकापेक्षा वेगळी आहे. त्याच्यासमोर दहावीची बोर्डाची परीक्षा उभी असते आणि वर्गात येणारी मुलं तिथून कित्येक पायऱ्या मागे असतात.

‘असर २०२३’ या अहवालासाठी देशातल्या २६ राज्यांतल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी झाली. त्यातल्या सुमारे एक चतुर्थांश मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत सहज वाचता येत नव्हता. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचं गणित ४३.३ टक्के मुलांनाच आलं.

आता अशा वर्गाला वर्गसमीकरणं शिकवायची आहेत. पाठ्यक्रम ठरलेला, वेळापत्रक ठरलेलं. मागे जाऊन भागाकार शिकवला तर भाग अपुरा राहतो, पुढे गेलं तर अर्धा वर्ग सुटतो. रायगड जिल्हा राज्य मंडळाच्या मुंबई विभागात येतो, त्यामुळे साजगावच्या मुलाचा निकाल मुंबई-ठाण्याच्या शाळांच्या रांगेत लागतो. शाळेचा निकाल घसरला की विचारणा नववी-दहावीच्या शिक्षकाकडे होते. ज्यावर आपला ताबा नाही त्याचा जाब आपल्याला द्यावा लागतो, ही भावना उमेद सगळ्यात वेगाने संपवते. ‘माझ्या शिकवण्याने काही फरक पडत नाही’ असं एकदा वाटलं की शिक्षक गाईडमधली उत्तरं फळ्यावर लिहून देण्यावर येतो.

मग टिकतात कशावर?

एवढं सगळं असूनही अनेक शिक्षक जीव ओतून शिकवतात. आता दुसरं खातं पाहू.

पहिली गोष्ट, डोळ्यांसमोर दिसणारा फरक. वर्षाच्या सुरुवातीला अडखळत वाचणारी मुलगी फेब्रुवारीत स्वतःहून उत्तर द्यायला उठते, यासारखं दुसरं इंधन नाही. वाडीतला दहावी पास होणारा पहिला मुलगा आपल्या वर्गातला असणं हे कोणत्याही पगारवाढीत मोजता येत नाही.

दुसरी गोष्ट, स्वतःच्या मर्जीने करता येणारं काम. हायस्कूलमध्ये अशा जागा बऱ्याच आहेत. आठवीच्या मुलांना एनएमएमएस परीक्षेला बसवणं हे त्याचं चांगलं उदाहरण. पास होऊन निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. मजुरी करणाऱ्या घरासाठी ही रक्कम मुलाचं शिक्षण टिकवू शकते. विज्ञान प्रदर्शन, इन्स्पायर पुरस्काराचे प्रकल्प, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा, कबड्डीचा संघ, नाटक. यातलं काहीतरी एक ‘माझं’ असलेला शिक्षक सहसा लवकर कोमेजत नाही. वरून सक्तीने आलेला तोच उपक्रम मात्र फोटोपुरता उरतो.

तिसरी गोष्ट, सोबत. रयत शिक्षण संस्थेसारख्या मोठ्या संस्थेत बदली होऊन सातारा-सांगलीकडचे शिक्षक रायगडात येतात. काही जण कर्जत-खोपोली लोकल पकडून रोज ये-जा करतात आणि त्या मार्गावर गाड्या मोजक्याच आहेत. नवख्या गावात शिक्षक रमतो की बदलीचे दिवस मोजतो, हे बरंचसं स्टाफरूम ठरवते. अडलेला धडा एकमेकांना विचारता येतो का, आजारी पडल्यावर कोणी तास घेतं का, एवढ्या साध्या गोष्टी असतात.

चौथी गोष्ट, मुख्याध्यापक. शासन निर्णय बदलणं त्यांच्या हातात नाही, पण तो शिक्षकांपर्यंत कसा पोचतो हे त्यांच्या हातात आहे. ऑनलाइन माहितीचं काम एकावरच टाकायचं की वाटून द्यायचं, वेळापत्रक करताना विचारायचं की नाही, पालक भांडायला आला तर शिक्षकाच्या बाजूने उभं राहायचं की नाही. त्याच अनुदानाची, त्याच पटाची एक शाळा जिवंत वाटते आणि दुसरी मरगळलेली, त्याचं उत्तर अनेकदा मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये असतं.

पाचवी गोष्ट, माजी विद्यार्थी. दहावीच्या बॅचचे व्हॉट्सअॅप ग्रुप आणि गेट-टुगेदर आता गावोगावी होतात. तीस वर्षांनी भेटलेला विद्यार्थी ‘सर, तुम्ही त्या दिवशी असं म्हणाला होतात’ म्हणतो, तेव्हा शिक्षकाला आपल्या कामाचा निकाल कळतो. अडचण इतकीच की बहुतेक वेळा हा निकाल निवृत्तीनंतर लागतो.

पैसे वाढवले तर शिकवणं सुधारतं का?

याचं थेट उत्तर देणारा एक मोठा प्रयोग इंडोनेशियात झाला. तिथे २००५ च्या कायद्याने प्रमाणित शिक्षकांचं मूळ वेतन दुप्पट करायचं ठरवलं. संशोधकांनी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या १२० शाळांमधल्या शिक्षकांना ही वाढ लवकर मिळेल अशी व्यवस्था केली आणि इतर २४० शाळांशी तुलना केली. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिक्षक जास्त समाधानी झाले, पैशांची ओढाताण कमी झाली, जोडधंदे कमी झाले. मुलांच्या शिकण्यात मात्र फरक पडला नाही.

आंध्र प्रदेशात २००५ पासून वेगळा प्रयोग झाला. ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांमध्ये मुलांचे गुण वाढले तर शिक्षकांना छोटा बोनस. तिथे दोन वर्षांत गणित आणि भाषा दोन्हींतले गुण वाढले. पण हे प्राथमिकचं झालं. दहावीच्या निकालाला बोनस जोडला तर कच्च्या मुलांना नववीतच थोपवण्याचा मोह वाढू शकतो, हा धोका हायस्कूलमध्ये खरा आहे.

‘म्हणजे पगार वाढवून उपयोग नाही’ असा अर्थ यातून काढणं चुकीचं ठरेल. इंडोनेशियातल्या शिक्षकांना पगार आधीही नियमित मिळत होता. २० टक्क्यांवर काम करणाऱ्या आणि संध्याकाळी क्लास घेऊन घर चालवणाऱ्या महाराष्ट्रातल्या शिक्षकाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्यासाठी पूर्ण आणि वेळेवर पगार ही चैन नाही, पहिली पायरी आहे. त्यापुढची पायरी फक्त पैशांनी चढता येत नाही.

बढती आणि पुरस्कारांचं काय?

हायस्कूलमध्ये बढतीची शिडी छोटी आहे. सहायक शिक्षक, पर्यवेक्षक, उपमुख्याध्यापक, मुख्याध्यापक. १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार ती प्रामुख्याने ज्येष्ठतेवर चालते. त्यामुळे वशिलेबाजीला काही आळा बसतो, पण चांगलं शिकवलं म्हणून कोणी पुढे जात नाही. ज्येष्ठता यादीत नाव कुठे आहे यावरून स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं अबोला राहतो, प्रकरणं न्यायाधिकरणात जातात. १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनी निवडश्रेणी मिळते, पण निवडश्रेणी सगळ्यांना नाही, वरिष्ठ श्रेणीतल्या २० टक्क्यांनाच.

पुरस्कारांची अडचण वेगळी. राष्ट्रीय पुरस्कारासाठी आता शिक्षकाने स्वतःच पोर्टलवर अर्ज करायचा असतो. राज्य पुरस्कारासाठीही स्वतःच्या कामाची फाइल मांडावी लागते. ज्याला फाइल करता येते तो पुढे जातो. वाडीवर जाऊन मुलाला परत आणणाऱ्याकडे त्या भेटीचा फोटो नसतो.

काय करता येईल?

सरकारच्या पातळीवर मागण्या जुन्याच आहेत. अनुदानाच्या टप्प्यांना तारीख, भरतीला ठरलेलं वार्षिक वेळापत्रक, एकच माहिती एकदाच मागणारी यंत्रणा, आणि स्थलांतर होणाऱ्या तालुक्यांत पटसंख्येचा वेगळा विचार. यातल्या बहुतेक गोष्टींचा गाभा एकच आहे, अनिश्चितता कमी करणं. शिक्षकाला ‘नाही’ हे उत्तर एक वेळ पचतं. ‘बघू’ हे वीस वर्षं ऐकलं की तो खचतो.

शाळेच्या पातळीवर खर्च नसलेल्या गोष्टी आहेत. मुख्याध्यापकांनी महिन्यातून एकदा वर्गात मागे बसून तास पाहणं आणि नंतर दोन वाक्यं नीट बोलणं. तासाच्या वेळेत कागद न मागणं. नववीच्या कच्च्या मुलांसाठी सुरुवातीचे काही आठवडे भाग मागे ठेवायची मोकळीक देणं.

पालक आणि माजी विद्यार्थ्यांच्या हातातही थोडं आहे. पालकसभेला निकालाशिवाय दुसरं काही विचारायला जाणं. वाडीवरच्या मुलांच्या वसतिगृहासाठी किंवा एनएमएमएसच्या पुस्तकांसाठी बॅचच्या ग्रुपवर वर्गणी काढणं. आणि ज्या सर-मॅडमनी कधीतरी दप्तरासकट वर्गात परत आणून बसवलं होतं, त्यांना ते निवृत्त व्हायच्या आधी फोन करणं. माध्यमिक शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. तुमच्या दहावीच्या वर्गशिक्षकांची किती वर्षं उरली आहेत, याचा हिशेब प्रत्येकाला करता येईल.